अंतराळात गेलेलं लाल प्यादं

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको. मी जळले. चांगली दोन वर्षं जळले, आणि तेही एका प्याद्यावर. बुद्धिबळातलं साधं प्यादं, करंगळीएवढं, लाल लाखेचं, मानेशी पिवळी रेघ. ते माझ्या धाकट्या जावेनं केलं होतं आणि टीव्हीवरच्या एका मालिकेत ते अंतराळात गेलं. मी केलेला राजा त्याच पेटीत होता. तो पेटीतच राहिला.

आमचं घर सावंतवाडीत. पुढे दुकान, मागे पत्र्याच्या पडवीत लाकूड कांतायची दोन मशिनं. लाकडी आंबे-केळी, बाहुल्या, रंगवलेले पाट आणि बुद्धिबळाच्या पेट्या, असा आमचा माल. मी मालवणची, लग्न होऊन आले तेव्हा मला पटाशी कुठल्या बाजूनं धरतात तेही ठाऊक नव्हतं. सासऱ्यांनी शिकवलं. फिरत्या लाकडावर पटाशी धरून आकार काढायचा, मग त्याच फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची. घासून ती वितळते आणि रंग लाकडाला बसतो. वरून केवड्याचं पान फिरवलं की चकाकी. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या पहिल्या वर्षातला माल सासऱ्यांनी गपचूप चुलीत घातला होता.

आमच्यात एक रीत आहे. पेटी एकाच हातानं होत नाही. घरात जो हात सगळ्यात नवा, त्यानं प्यादी करायची. तो बसला की हत्ती, मग उंट, मग वजीर, आणि शेवटी राजा. घोडा मशीनवर होत नाही, तो हातानं कोरावा लागतो, ते काम माझ्या नवऱ्याचं. मला प्याद्यापासून राजापर्यंत पोचायला सहा वर्षं लागली. ज्या दिवशी सासरे म्हणाले, "आता राजा तू कर," त्या दिवशी मी रात्री जेवलेसुद्धा नाही नीट. त्यानंतर मी कधी प्याद्याला हात लावला नाही. कशाला लावू? मालकिणीनं पुन्हा भांडी घासायला बसावं तसं ते.

धाकटी जाऊ दोडामार्गकडची. माहेरी काजूच्या बागा, हाताला सवय बोंडू पिरगळून बी सोडवायची. लग्न होऊन आली आणि रीतीप्रमाणे प्याद्यांवर बसली. हात वाईट नव्हता, पण मानेशी पिवळी रेघ काढताना तिची मनगटं ढिली पडायची आणि रेघ एका बाजूला उतरायची. मी बोलायची.

"रेघ वाकडी इली गो तुझी."

"प्यादां मां तां वयनी, चलात," ती म्हणायची आणि हसायची.

हे तिचं हसणं मला पहिल्यापासून खुपायचं. मी रेघ वाकडी आली की रडायचे.

तर एका उन्हाळ्यात मुंबईहून एक मुलगी दुकानात आली. कुठल्याशा मालिकेसाठी सामान गोळा करत हिंडत होती. बुद्धिबळाची पेटी उघडून तिनं सगळे मोहरे काउंटरवर मांडले. मी मुद्दाम राजा तिच्या पुढ्यात सरकवला. तिनं तो उचलला, "सुंदर आहे," म्हणाली, आणि खाली ठेवला. मग एक लाल प्यादं उचलून ते बराच वेळ बोटांत फिरवत राहिली. पेटी घेऊन गेली. आम्ही विसरलो.

सहा-सात महिन्यांनी जाऊ पडवीतून ओरडत आली. हातात मोबाईल, तोंडाला लाकडाचा भुसा.

"वयनी, ह्यां बघा मां! तां माझां प्यादां!"

बघितलं. अंतराळयानाच्या खोलीत एक माणूस झोपलेला आणि त्याच्या तोंडासमोर हवेत आमचं प्यादं तरंगतंय. हळूहळू गोल फिरतंय. ती वाकडी पिवळी रेघ अख्ख्या पडद्यावर आली. शंकेला जागाच नव्हती, तशी रेघ जगात दुसऱ्या कुणाची येणार नाही.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. मालिका टीव्हीला जोडून बघायची, जेवणं लवकर उरकायची. गोष्ट अशी की यानाचा कप्तान निघण्याआधी आपल्या मुलीशी बुद्धिबळ खेळत असतो. डाव अर्धा राहतो. मुलगी पटावरचं एक प्यादं त्याच्या खिशात घालते आणि म्हणते, परत आलास की इथूनच पुढे खेळू. यान भरकटतं. मग प्रत्येक भागात ते प्यादं. दुसऱ्या भागात ते यानाच्या बटणांमध्ये अडकतं म्हणून एक भलतीच आफत टळते. तिसऱ्यात कप्तान त्याच्याशी बोलतो. मोठा धिप्पाड गडी, दाढी वाढलेली, आणि आमच्या जावेच्या प्याद्याला म्हणतो, तुझ्याशिवाय माझं कोण आहे. चौथ्यात परग्रहावरची एक बाई त्याला देव समजून फुलं वाहते. माझी मावससासू ते बघून खरोखर हात जोडून बसली.

आणि माझा राजा? मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. पाचव्या भागात मुलीची पृथ्वीवरची खोली दाखवली. टेबलावर पट. पुढे मुलगी रडतेय आणि मागे माझा राजा आडवा पडलेला, तोही धूसर. एवढाच. डोळा लवला तर गेला. मी नवऱ्याला म्हटलं, "माझो राजा दिसलो!" तो म्हणाला, "खंय?" मागे नेऊन दाखवला तरी त्याला दिसेना.

गावात बातमी फुटायला काय लागतं? दुकानात माणसं येऊ लागली ती थेट विचारत, "ती प्यादां करणारी खंय आसा?" मी काउंटरवर बसलेली असायचे. आत बोट दाखवायचे. लोक तिचा फोटो काढायचे, तिच्या हातात प्यादं देऊन. एकानं तर मलाच मोबाईल दिला, आम्हा दोघांचा काढा म्हणून. मी काढला. तिचं डोकं कापून काढला.

बरं, ती मिरवली असती तरी मला बरं वाटलं असतं. मिरवणाऱ्या माणसाला नावं ठेवता येतात. ही बया लोकांना सांगायची, "माका काय येता? वयनीचे राजे बघा." लोक माझ्या राजाकडे बघून मान हलवायचे आणि पुन्हा प्याद्याकडे वळायचे. शिरा पडो त्या मालिकेर, मी मनात म्हणायचे, आणि त्याच संध्याकाळी पुढचा भाग लावायला सगळ्यात आधी मीच बसायचे.

जत्रेला देवळात गेलो तेव्हा तर कहर झाला. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. पुजारी घरच्या वतीनं देवाला मोठ्यानं मागणं सांगतो आणि उभ्या असलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. दिरानं नारळ पुढे केला आणि पुजाऱ्यानं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ह्या घराच्या धाकट्या सुनेच्या हाताक तू जां यश दिलंस, तां दिवसेंदिवस वाढांदे रे म्हाराजा!" सगळं घर ओरडलं, "व्हय म्हाराजा!" मी नुसते ओठ हलवले. देवाच्या दारात खोटं बोलायचं नाही म्हणून गप्प राहिले असं मी स्वतःला समजावलं. पण खरं म्हणजे तो शब्द घशातून वर येईना.

पुढच्या वर्षी काजूच्या दिवसांत जाऊ माहेरी गेली. नवरा आणि दीर प्रदर्शनाला माल घेऊन गोव्यात. घरी मी एकटी. दुकानाचा फोन वाजला. तीच मुंबईची मुलगी. मालिकेचा पुढचा हंगाम चालू आहे, म्हणाली, अगदी तसंच प्यादं हवंय, सहा नग, घाईनं.

"दिसायला हुबेहूब पाहिजे, बाकी कसंही चालेल," ती म्हणाली. "ती प्यादी करणाऱ्या ताई आहेत का?"

मी आठ दिवसांनी येतील म्हणू शकले असते. जावेचा नंबर देऊ शकले असते.

"मीच बोलतेय," मी म्हटलं.

शब्द तोंडातून गेला. मागे घेतला नाही. बाकी कसंही चालेल म्हणे! या घरातून बाकी कसंही असलेलं काही जात नाही. मी ठरवलं, असं प्यादं करीन की पडद्यावर त्याचं तेज दिसेल. जावेचं प्यादं पांगाऱ्याचं होतं, आमच्याकडे बहुतेक माल पांगाऱ्याचाच. हलकं, मऊ लाकूड, नवशिक्या हाताला बरं. मी माळ्यावर चढले आणि आईनं लग्नात दिलेलं खैराचं मुसळ खाली काढलं. मिक्सर आल्यापासून ते तसंच पडून होतं. करवतीनं त्याचे तुकडे केले. खैर म्हणजे लोखंडच, पटाशी लागेना. दोन पटाश्यांची धार गेली. पण लाख काय बसली त्याच्यावर!

आणि मग रेघ. वीस वर्षांचा हात, रेघ वाकडी येईना! पहिलं प्यादं केलं, रेघ सरळ. दुसरं केलं, सरळ. डोळे मिटून केलं तरी सरळ. मनगट ढिलं सोडून बघितलं, तर रेघच नाही आली. मशीनसमोर बसून मी रडकुंडीला आले. मला जे येत नव्हतं ते तिला न शिकता येत होतं. शेवटी लाकूडच मशीनवर मुद्दाम तिरकं बसवलं, तेव्हा कुठे रेघ उतरली. सहा झाली. दुकानाच्या बाकी मालाबरोबर पार्सल करून पाठवली. खैराचा भुसा गोळा करून बाहेर टाकून दिला. कुणाला काही बोलले नाही.

मग दिवस मोजत बसले. आता ते माझं प्यादं. हवेत तरंगेल ते माझं, कप्तान बोलेल ते माझ्याशी. जगाला कळणार नाही, पण मला कळेल, एवढ्यावर मी खूश होते. खूश कसली, कळायला हवं होतं जगाला. पण कसं कळवणार, ते काही सुचत नव्हतं.

नवा हंगाम आला. घर पुन्हा टीव्हीसमोर. तिसऱ्या भागात शत्रूचा सरदार यानात शिरतो, कप्तानाला बांधतो, त्याच्या खिशातून प्यादं काढतो आणि लोखंडी जमिनीवर टाकतो. मग बूट वर उचलतो.

"अगो बाय! मोडता तां!" जावेनं डोळ्यांवर हात ठेवला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सहा नग का हवे होते ते. मोडायला! माझ्या आईचं मुसळ कापून मी केलेली प्यादी बुटाखाली भुगा करायला मागवली होती, म्हणून तर बाकी कसंही चालणार होतं. सगळं मुसळ केरात म्हणतात ते हेच.

बूट खाली आला. खणकन आवाज. बूट उचलला, तर प्यादं तसंच. सरदारानं पुन्हा हाणला, टाचेनं. प्यादं उडून भिंतीवर आपटलं आणि गडगडत परत त्याच्याच पायाशी आलं. ओरखडासुद्धा नाही. सरदार वाकतो, ते उचलतो, बघत राहतो, आणि त्याचं मन पालटतं. कप्तान सुटतो.

घरात एकच गलका. दीर बायकोच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा गो! तुझां प्यादां बुटाक भारी पडलां!" मला टाळ्या वाजवाव्या लागल्या. जावेनं मात्र रिमोट घेऊन तेवढाच तुकडा परत लावला. आवाज वाढवून पुन्हा ऐकला. माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्या मालिकेवाल्यांची मुलाखत आली. प्रसंग असा लिहिलाच नव्हता, ते हसत सांगत होते. प्यादं फुटायचं होतं आणि कप्तानाचा धीर सुटायचा होता. सहा आणली होती, सहाही फुटली नाहीत, नटाच्या बुटाची टाच निघाली. शेवटी गोष्टच बदलावी लागली. पुढच्या चार भागांची गोष्ट. कोकणातल्या एका ताईच्या हातची करामत, असंही म्हणाले.

"सहा? तू सहा कधी दिलंस?" दिरानं जावेला विचारलं.

मी मान खाली घालून भात कालवायला लागले.

"दिली असतीत. ध्यानात नाय माझ्या," ती म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

म्हणजे तिला कळलं होतं. मी त्या रात्री नाही नाही ते विचार केले. वाटलं, ही आता ते श्रेय पचवणार. गोष्ट बदलली ती माझ्या प्याद्यानं आणि नाव हिचं होणार. मला राग आला, आणि खरं सांगते, बरंही वाटलं. चोराच्या घरी चोरी झाली तर बोंब कुणी मारायची? पण निदान ती माझ्याच पंक्तीला बसली असती.

वाचनालयात तिचा सत्कार ठरला. मी चौथ्या रांगेत, नेसून-सवरून. कपाळ दुखतंय म्हणून घरी राहायचं होतं, पण ती काय बोलते ते ऐकायचंही होतं. अध्यक्ष आमच्या कलेवर खूप वेळ बोलले. न मोडणाऱ्या प्याद्याची गोष्ट त्यांनी अशी रंगवली की पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले.

ती माईकपाशी गेली.

"माका भाषण येना नाय. एकच सांगतंय. पयल्या हंगामातलां प्यादां माझां. पण बुटाखाली जां मोडूक नाय तां माझां न्हय. माझां पांगाऱ्याचां, तेचो भुगो झालो असतो. तेवा मी म्हायेराक गेल्लंय, म्हणान माझ्या वयनींनी खैराची करून दिल्यानी. सत्कार तेंचो करा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. टाळ्या सुरू झाल्या. ती शाल काढून हातात घेऊन खाली उतरली, चौथ्या रांगेपर्यंत आली आणि माझ्या खांद्यावर घातली. मला उभं राहावं लागलं. वीस वर्षं ज्या टाळ्या मला हव्या होत्या त्या वाजत होत्या, आणि माझ्या अंगाचा नुसता दाह होत होता. काम माझं होतं ते तिनं सांगितलं. ते मी कसं लाटलं ते नाही सांगितलं. माझं नाव मला मिळालं ते तिच्या हातून, वर माझी लबाडी तिनं पदराखाली झाकून घेतली. अरे, एवढं तरी मला स्वतःला करू द्यायचं होतं.

घरी येताना तळ्याच्या काठानं आम्ही दोघी पुढे-मागे चालत होतो. मला राहवेना.

"तुका कधी कळलां?"

"म्हायेरसून इलंय त्याच दिवशी. पटाशांची धार गेल्ली. खैराशिवाय अशी धार कशान जातली? मीच परत धार लावून ठेवलंय."

"आणि गप ऱ्हवलंस?"

"तुमी काय तरी मोठां करतासात, असां वाटलां. झालां की सांगशात म्हणान वाट बघलंय." ती थांबली. नारळ तिनं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. "माझ्या हातान खैर कांतूक होवचो नाय. माका शिकवशात काय वयनी?"

मी म्हटलं, "बघूया."

त्याला आता वर्ष होत आलं. अजून शिकवलेलं नाही.